ताणलेलं पाणी तराजूत

प्रश्न : पाण्यात ऋण दाब निर्माण करता येतो आणि ऋण दाबामुळेच विश्वाचं प्रसरण वेग घेतं, असं वाचलं. मग ऋण दाबाचं पाणी असलेली नळी वजनाला हलकी भरेल का?

उत्तर : हलकी नाही, झालीच तर अतिसूक्ष्म जड.

ऋण दाब म्हणजे ताण. आधी तो आणतात कसा ते पाहू. जाड काचेच्या नळीत उकळून हवा काढलेलं पाणी भरतात आणि साधारण १ टक्का जागा मोकळी ठेवून, हवा आत न शिरू देता तोंड वितळवून बंद करतात. २० अंश सेल्सिअसला दिसणारा बुडबुडा ५० अंशांच्या आसपास नाहीसा होतो, कारण पाणी तेवढं फुगतं. तिथेच थांबायचं. पुढे प्रत्येक अंशाला दाब सुमारे १० वातावरणं (एक वातावरण म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) चढतो आणि नळी फुटू शकते (घरी करू नये ते यासाठीच). मग सावकाश थंड करायचं. पाणी आकसू पाहतं, पण काच सोडत नाही. बुडबुडा परतत नाही, पाणी ताणलं जातं आणि अखेर ‘टक्’ करून तुटतं. विरघळलेली हवा राहिली किंवा काचेच्या चिरेत वायू अडकला असेल, तर फार आधीच तुटतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तेलो यांनी १८५० मध्ये असाच सुमारे उणे ५० वातावरणांचा दाब मिळवला. क्वार्ट्झमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत तो उणे १४०० च्या घरात गेला आहे.

आता गुरुत्व. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात त्याचा स्रोत ऊर्जाघनता (एकक घनफळातली ऊर्जा) अधिक तिप्पट दाब. ही बेरीज ऋण झाली तरच प्रतिकर्षण. वस्तुमान हीही ऊर्जाच, म्हणून पाण्याची ऊर्जाघनता इतकी प्रचंड, की उणे १४०० वातावरणांची तिप्पटसुद्धा तिच्या लाख कोटी भागांत जेमतेम पाच भाग भरते. तेवढंही हाती लागत नाही: पाणी काचेला आत ओढतं, काच दबते आणि तिच्यातला धन दाब सगळा हिशेब फेडून टाकतो. उरते ती ताणात साठलेली ऊर्जा, आणि ऊर्जेला वजन असतं. ‘टक्’ झाल्यावर तिची उष्णता बाहेर गेली, की नळी हलकी होते. अर्थात कुठल्याही तराजूला कळणार नाही इतकीच.

विश्वाला अशी काच नाही. प्रसरणाला वेग देणारी मानली जाते त्या कृष्ण ऊर्जेचा दाब तिच्या ऊर्जाघनतेइतकाच, पण ऋण मानला, तर बेरीज १ वजा ३, म्हणजे उणे २, म्हणून प्रतिकर्षण. हा दाब ढकलत मात्र काहीच नाही. ढकलायला दाबात फरक लागतो, आणि हा दाब तर सगळीकडे सारखाच असतो.