एफिक आणि इबिबिओ ही एकच भाषा आहे की दोन? ह्या लोकांच्या संस्कृतीची ओळख कुठून सुरू करावी?

हा प्रश्न तुम्ही इबिबिओंच्या उयो शहरातल्या बाजारात विचारलात तर ‘एकच की!’ असं उत्तर मिळेल. एफिक लोकांच्या कलाबार बंदरात विचारलात तर समोरचा माणूस तुम्हाला बसवून घेईल आणि एफिक लोक इबिबिओ कसे नाहीत हे संध्याकाळपर्यंत समजावून सांगेल. नोकरीमुळे काही वर्षं नायजेरियाच्या त्या आग्नेय कोपऱ्यात राहिलो, त्यामुळे दोन्ही बाजू भरपूर ऐकल्या आहेत. कोकणी ही भाषा की बोली ह्या वादात ज्यांचे हात पोळलेत, त्यांना हा प्रकार लगेच कळेल.

नुसत्या भाषेचं बघायचं तर नातं अगदी सख्खं आहे. एफिकमध्ये एक म्हणजे ‘किएत’, इबिबिओत ‘केएद’. दोन ‘इबा’, तीन ‘इता’, दहा ‘दुओप’ हे दोन्हीकडे तेच. मोजायची रीतही एकच: सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन, आणि वीस आले की तिथून विसांच्या पटीत पुढे. दोन्ही भाषांत आवाज चढवला की उतरवला ह्यावर अर्थ ठरतो. क आणि प एका दमात काढायचा ‘क्प’ हा वर्णही दोन्हीकडे आहे. तो जमेपर्यंत मुलं तुम्हाला हसत राहणार. शेजारची अनांगही ह्याच घरातली. उच्चार आणि शब्द बदलतात, पण सवय झाली की एकमेकांचं बोलणं बऱ्यापैकी कळतं.

मग दोन नावं, दोन अस्मिता कशा? माझ्या मते ह्याचं उत्तर व्याकरणात शोधूच नये. ते नदीत आहे. एफिक लोक कलाबार नदीच्या मुखापाशी, जिथे युरोपची जहाजं नांगर टाकायची तिथे बसले होते. इबिबिओ आतल्या भागात, शेती आणि पाम तेल करणारे. आधी गुलामांचा आणि नंतर पाम तेलाचा सगळा व्यापार एफिक घराण्यांच्या हातून जायचा. ड्यूक, हेन्शॉ, कोबम ही आजची एफिक आडनावं त्या काळातली आहेत. अंतेरा ड्यूक नावाच्या एका एफिक व्यापाऱ्याने 1785 ते 1788 ह्या काळात मोडक्या व्यापारी इंग्रजीत रोजनिशी लिहिली. किती माणसं जहाजावर चढवली, कोणाकडे मेजवानी झाली, सगळं एकाच सुरात. मूळ वही दुसऱ्या महायुद्धात स्कॉटलंडमध्ये नष्ट झाली, पण त्याआधी तिचा काही भाग उतरवून घेतलेला असल्याने आज आपण ती वाचू शकतो. तेव्हाच्या कलाबारबद्दल एकच गोष्ट वाचायची असेल तर ती वाचा. गुलामगिरीत आफ्रिकन व्यापारीही सामील होते हे वाचताना पोटात गोळा येतो, पण ते टाळून हा इतिहास कळणार नाही.

1846 मध्ये स्कॉटिश मिशनरी कलाबारला उतरले आणि साहजिकच बंदरावरच्या लोकांची भाषा शिकले. ह्यू गोल्डीचा एफिक शब्दकोश 1862 मध्ये निघाला आणि 1868 पर्यंत सबंध बायबल एफिकमध्ये छापून झालं. इबिबिओचा ढंगाचा शब्दकोश यायला 1985 उजाडलं आणि ओकोन एसिएन ह्यांचं मोठं व्याकरण 1990 मध्ये आलं. मधली शंभरएक वर्षं इबिबिओ पोरं शाळेत आणि चर्चमध्ये एफिक वाचत राहिली. संख्येने कितीतरी जास्त असलेल्या लोकांनी थोड्यांची भाषा ‘शुद्ध’ म्हणून गिरवायची, ह्याची सल राहणारच. 1987 मध्ये क्रॉस रिव्हर राज्यातून आक्वा इबोम वेगळं झालं, उयो राजधानी झाली, आणि इबिबिओला स्वतःचं अंगण मिळालं. एफिक लोकांचे पूर्वज इबिबिओ मुलखातल्या उरुआनमधून निघाले का, हा वाद मात्र अजून चालू आहे. त्यात पडू नका.

संस्कृतीकडे वळताना बाहेरचे लोक हमखास दोन गोष्टींची गल्लत करतात: एक्पे आणि एक्पो. एक्पो हा पूर्वजांच्या आत्म्यांचा मुखवटा, इबिबिओ आणि अनांग गावांमधला, बहुतेक काळाकुट्ट आणि मुद्दाम भीतिदायक. दीक्षा न घेतलेल्या माणसाने आणि बायकांनी त्याच्या वाटेत यायचं नाही. हंगामात रस्त्यावर एक्पो दिसला की आमचा ड्रायव्हर निमूट गाडी वळवायचा. एक्पे म्हणजे बिबट्याच्या नावाची गुप्त संस्था, पायऱ्यापायऱ्यांची. वरची पायरी हवी तर पैसे मोजायचे. जुन्या कलाबारमध्ये न्यायनिवाडा, कर्जवसुली, बाजार बंद ठेवणं हे सगळं एक्पेच्या हुकमाने चाले. बुडव्या ऋणकोवर एक्पे सोडला की त्याचा व्यवहार ठप्प. काही युरोपीय व्यापाऱ्यांनीसुद्धा आपली येणी वसूल व्हावीत म्हणून पैसे भरून सदस्यत्व घेतलं होतं. तिचं काही ज्ञान न्सिबिदी ह्या चिन्हलिपीत असतं, आणि तीही सगळ्यांना सगळी शिकवत नाहीत.

मला स्वतःला सर्वांत थक्क करणारी गोष्ट क्यूबाची वाटते. कलाबारहून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी हवानाजवळ रेग्ला इथे 1836 मध्ये एक्पेच्या धर्तीवर अबाकुआ नावाची संस्था उभी केली. पहिल्या शाखेचं नाव एफिक बुतोन, म्हणजे कलाबारच्या ओबुतोंग वस्तीवरून. ही तीच वस्ती, जिथल्या माणसांना 1767 मध्ये इंग्रज कप्तानांनी समेटाच्या नावाखाली जहाजांवर बोलावून कापून काढलं होतं. अबाकुआ आजही चालू आहे. पडद्याआड बिबट्यासारखा घुमणारा एक्पेचा ढोल दोन्ही किनाऱ्यांवर आहे, आणि क्यूबातल्या मंत्रांमधले कित्येक शब्द कलाबारच्या लोकांना ओळखू येतात.

मेरी स्लेसर ही स्कॉटिश मिशनरी आणि जुळी मुलं मारून टाकायच्या प्रथेची कथा तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल, म्हणून इथे सांगत नाही. तिने एकटीने प्रथा मोडली असं लिहिलेलं दिसलं तर इतकंच आठवा, की ती 1876 मध्ये आली तेव्हा मिशन तिथे तीस वर्षं जुनं होतं. उलट ब्रिटिश राजवटीविरुद्धचा 1929 चा बायकांचा उठाव जरूर वाचा. त्याला सर्रास शेजारच्या इग्बो बायकांचा लढा म्हणतात, आणि सुरुवात तिथे झालीही. पण आजच्या इकोत अबासीमध्ये सैनिकांनी गोळ्या झाडल्या तेव्हा तीसच्या वर बायका गेल्या, आणि तो इबिबिओ मुलूख आहे.

सुरुवात कुठून करायची तर नावांपासून करा. ओकोन म्हणजे रात्री जन्मलेला, एमेम म्हणजे शांती, इमाओबोंग म्हणजे देवाचं प्रेम. ओळखीत कुणी तिथलं निघालं तर नावाचा अर्थ विचारा, गप्पा आपोआप सुरू होतात. प्रत्यक्ष जाणार असाल तर कलाबारला नदीवरच्या टेकडीवर ओल्ड रेसिडेन्सीत संग्रहालय आहे. ती इमारतच 1884 मध्ये ब्रिटनहून सुटे भाग आणून उभारलेली. ओरोनच्या संग्रहालयात पूर्वजांच्या लाकडी एक्पू मूर्ती बघा. 1967 ते 70 च्या यादवी युद्धात त्यांतल्या पुष्कळ गेल्या, तरी उरलेल्यांसाठी वाट वाकडी करावी. आणि जेवायला एदिकांग इकोंग हे पालेभाज्यांचं कालवण सगळेच सुचवतील, पण तुम्ही एक्पांग न्कुक्वो मागा: किसलेला अळूचा कंद अळूच्याच पानात गुंडाळून, पाम तेलात मासे आणि शंखातल्या गोगलगायींबरोबर शिजवलेला. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, आणि तरीही मासळीची पूड पडणार हे धरून चाला.