पोळ्याला आपलाच बैल पुढे का?

प्रिय ईशू,

तुझा आवाजी निरोप ऐकला. मागे आजीचं भांडी आवरणं, कुठेतरी मोटरपंप, आणि मध्येच तुझा सवाल : "आई, सरपंच तर त्या काकू हायेत ना, मग पोळ्याले आबाजीचाच बैल पुढे कायले?" "कायले" म्हणालीस, म्हणजे दारव्ह्याचं पाणी अंगी लागलं. आबाजींनी तुला "बापजाद्यापासून हाये" एवढंच सांगितलं म्हणे. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा मलाही हेच उत्तर मिळालं होतं. तेवढ्यानं माझंही समाधान झालं नव्हतं.

आधी आबाजींचं पाटीलपण समजून घे. आपला मुलूख वऱ्हाडाचा. १८५३ साली निजामाकडून तो इंग्रजांच्या कारभारात आला. गावचा पाटील त्याच्या कितीतरी आधीपासून होता आणि इंग्रजांनीही तो राहू दिला. शेतसारा गोळा करायचा, चोरी-मारामारी झाली की वर कळवायचं, साहेब दौऱ्यावर आला की त्याची सरबराई बघायची, ही त्याची कामं. हिशेब पटवाऱ्याच्या दप्तरात आणि दरारा पाटलाच्या मिशीत. काम वतनी होतं, बापामागून पोराकडे जाणारं. (तुझ्या आजोळी वर्धेकडे तोरा मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा. ती मालगुजारी १९५१ साली गेली.) पुढे १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटीलकी संपली आणि सारा तलाठ्याकडे गेला. १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटील आला, पण तो सरकारनं नेमलेला, घराण्याचा नव्हे. गावचा कारभार ग्रामपंचायतीकडे गेला.

म्हणजे पाटीलकी गेली ती तुझ्या पणजोबांच्या हातून. आबाजींनी जन्मात कोणाकडून एक रुपया सारा घेतलेला नाही. तरी पारावर माणसं त्यांना "राम राम पाटील" करतात, आणि पोळ्याला तोरणाखाली पहिला बैल आपला. सत्ता गेली, मान तेवढा मागे राहिला.

आता तुला इथली गंमत सांगते. लंडनला महापौर दोन आहेत. एक सगळ्या लंडनचा. बस, पोलीस, आग विझवणं असला खरा कारभार त्याच्याकडे आणि त्याला लोक मतं देतात. ते पद अगदी कोवळं आहे, पहिली निवडणूक झाली २००० साली. दुसरा लॉर्ड मेयर. तो जुन्या तटबंदीच्या आतल्या, जेमतेम एक चौरस मैल शहराचा. तिथे राहणारी माणसं दहा हजारांच्याही आत, बाकी सगळ्या बँका आणि माझ्यासारखे सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे नोकरदार. पण त्याचं पद ११८९ च्या सुमाराचं. पहिल्याचं नाव हेन्री फिट्झ-एल्विन. तो मरेपर्यंत, म्हणजे वीसहून अधिक वर्षं, त्या गादीवर होता. बघ, तोही सुरुवातीला आपल्या पाटलासारखाच चिकटून बसलेला!

मग १२१५ साली जॉन राजाचं सरदारांशी बिनसलं. लंडनकर आपल्या बाजूला राहावेत म्हणून त्यानं त्यांना सनद दिली की दरवर्षी तुमचा मेयर तुम्हीच निवडा. अट एक : निवडलेल्यानं माझ्यासमोर येऊन इमान राखण्याची शपथ घ्यायची. लंडनकर वस्ताद. सनद घेतली आणि आठवडाभरानं सरदारांच्याच बाजूला जाऊन उभे राहिले. राजावर लक्ष ठेवायला जे पंचवीस जण नेमले त्यांत लंडनचा मेयरही होता.

राजाचा दरबार वेस्टमिन्स्टरला, नदीच्या वरच्या अंगाला. तिथपर्यंत जाण्याची मिरवणूक झाली, कित्येक शतकं थेम्समधून नावा सजवून निघायची. आता ती रस्त्यानं निघते, नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी. मी फ्लीट स्ट्रीटच्या कडेला उभी राहून पाहिली आहे. १७५७ साली केलेला सोनेरी रथ, सहा घोडे, आतून एक माणूस काळी टोपी हलवतोय, शेजारची इंग्रज आजी छत्री बाजूला सारून त्याला हात करतेय. रथ पुढे गेला आणि रस्त्यावर लिदीचा ढीग. पोळ्यात शेणात पाय पडायला नको म्हणून उड्या मारत चालायचं असतं, ते आठवून मला एकटीलाच हसू आलं.

मिरवणुकीपेक्षा मला आवडतो तो आदल्या दिवशीचा विधी. जुना मेयर नव्याला पद देतो, गिल्डहॉल नावाच्या जुन्या सभागृहात. नवा शपथेचे शब्द उच्चारतो, त्यापलीकडे कोणी चकार शब्द काढत नाही. तलवार, राजदंड, थैली एकेक करून पुढे आणतात, वाकून ठेवतात, उचलतात, मागे सरतात. टाळी नाही, भाषण नाही. आपल्याकडे सरपंचाच्या सत्काराला माइकवाला आधी तासभर "हॅलो, हॅलो" करतो, त्यामुळे मला ते फार नवलाचं वाटलं.

या लॉर्ड मेयरला निवडतात तिथल्या व्यापारी-कारागिरांच्या जुन्या मंडळ्या. कापडवाले, मासेवाले, सोनार, अशा शंभराहून जास्त. त्यांच्यातही पुढे कोण, मागे कोण याचा क्रम ठरलेला. शिंप्यांची मंडळी आणि केसाळ कातड्याचे व्यापारी यांचं मात्र सहावं कोण नि सातवं कोण यावरून जुनं भांडण होतं. आपल्याकडे पोळ्यात मानावरून लाठ्या निघालेली गावं आहेत, तेव्हा तुला यात काही नवल वाटायला नको. १४८४ साली रॉबर्ट बिलेस्डन हा मेयर होता. त्यानं निवाडा दिला : एक वर्ष तुम्ही सहावे, एक वर्ष ते. शिवाय दरसाल दोघांनी एकमेकांना जेवायला बोलवायचं. हा निवाडा आजही पाळतात. कोर्ट नाही, कचेरी नाही, पुढच्या वर्षी तुमचा नंबर, आणि या जेवायला.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला इथे सापडतं. बिनसत्तेचा मान गावाला लागतो, त्यात मला काही गैर वाटत नाही. आपल्या नागपूरचा महापौरही सभा चालवतो, हार घेतो, अडीच वर्षांनी उतरतो, आणि कारभार आयुक्त बघतात. पण तो उतरतो. लॉर्ड मेयरही वर्षानं उतरतो. आपला मान एकाच घराच्या खुंटीला टांगलेला आहे, माझी हरकत तेवढ्यावरच.

इथलं सगळं चांगलं असंही समजू नकोस. त्या मंडळ्यांबाहेरच्या माणसाला तिथे मत नाही. आणि पहिली बाई लॉर्ड मेयर झाली ती १९८३ साली, मेरी डोनाल्डसन. पद सुरू झाल्याला तोवर आठशे वर्षं होत आली होती. आपल्याकडे २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत, म्हणून तर सरपंचकाकू त्या खुर्चीवर आहेत. पण पोळ्याच्या दिवशी त्या कुठे असतात, ते यंदा नीट बघ. गेल्या खेपेला मी पाहिलं तर बायांच्या घोळक्यात, देवळाच्या ओट्यावर उभ्या होत्या. इकडे आखरावर डफडं वाजत होतं, पोट्टे "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणून झडत्यांवर झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ठोकत होते, आणि पाटलाचा बैल तोरणाखालून गेल्याशिवाय पोळा फुटत नव्हता.

मी आबाजींशी फोनवर हे बोलले आहे. म्हटलं, एक साल आपला बैल, एक साल दुसऱ्या कोणाचा, आणि तोरण सरपंचबाईंच्या हातून तुटू द्या. काकूंच्या घरी जोडी नाही, वावर बटईनं देतात, म्हणून त्यांच्या बैलाचा सवालच नाही, पण तोरणाला हात लावायला बैल कशाला लागतो? आबाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मान काय खाले लागते काय? पन सोडवत नाही बाप्पा." मला त्यांचं हे बोलणं खरं वाटलं. आपलं वावर आता ट्रॅक्टरनं नांगरतात. गोठ्यात जोडी ठेवली आहे ती निम्मी त्या एका दिवसासाठी. खांदमळणीच्या रात्री हळद-तूप लावताना ते बैलाच्या कानात "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतात ना, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघ. त्या माणसाला एकदम "मान सोडा" म्हणणं सोपं नाही. म्हणून त्यांच्याशी भांडू नकोस. त्या शिंप्यांची गोष्ट सांग. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील, नातीपुढे त्यांचं काही चालत नाही.

आणि बोजाऱ्याचं विचारलंस. बैल घरी पूजेला आला की त्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी चारायची, आणि जो गडी बैल घेऊन आला त्याच्या हातात बोजारा ठेवायचा. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात मी नोटा ठेवल्या आहेत, आजीला विचारून घे. आबाजी अजूनही दहा-वीस रुपयांवर भागवतात. तू शंभर दे, आणि दूरून ओट्यावरून नको, खाली अंगणात उतरून दे.

तुझी,
आई