गाविलगड घेणाऱ्या वेलस्लीचे मूळ आडनाव

प्रश्न : आमच्या शाळेची सहल दरवर्षी मेळघाटातल्या गाविलगडावर जाते. गड घेणाऱ्या इंग्रज सेनापतीचे नाव एका पुस्तकात वेलस्ली, दुसऱ्यात वेस्ली आणि तिसऱ्यात वेलिंग्टन आहे. हे तिघे भाऊ होते का? आणि या आडनावाचा अर्थ काय? – एक शिक्षक, अकोट तालुका

उत्तर : माणूस एकच, आर्थर. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावची आणि १५ डिसेंबरला गाविलगडची लढाई त्यानेच जिंकली. मात्र वेलस्ली आणि वेस्ली ही आडनावे आहेत, तर वेलिंग्टन हा किताब आहे. शिवाय बापाकडून मुलाकडे असा सरळ वंश धरला, तर यातले एकही आडनाव त्या घराण्याचे मूळचे नाही.

आर्थरच्या आजोबांचे नाव रिचर्ड कॉली. आयर्लंडमध्ये मीथ परगण्यात त्यांचे एक नातेवाईक होते, गॅरेट वेस्ली. १७२८ मध्ये त्यांची जमीनजुमला रिचर्डकडे आली आणि त्याच वर्षी रिचर्डने वेस्ली आडनाव घेतले. दत्तक गेलेला मुलगा त्या घरचे आडनाव लावतो, तसाच हा प्रकार, फक्त इथे दत्तविधान नव्हते, वारसा होता. आर्थरचा भाऊ विल्यम याला पुढे पोल नावाच्या नातेवाइकाची मालमत्ता मिळाली, तेव्हा तोही वेलस्ली-पोल झाला. म्हणून इंग्रज घराण्याची वंशावळ काढताना आडनाव मध्येच बदललेले दिसले, तर लगेच दुसरे घराणे समजू नका. आधी त्या सुमाराला कोणाची मालमत्ता आली ते बघा.

वेस्ली हे वेलस्लीचेच बोलताना आखडलेले रूप. जुने लांब रूप आधी आर्थरच्या थोरल्या भावाने, रिचर्डने (आजोबांचेच नाव), म्हणजे पुढच्या गव्हर्नर जनरलने, लावले. आर्थर १७९७ मध्ये कलकत्त्यात उतरला तो वेस्ली म्हणून, १७९८ पासून वेलस्ली अशी सही करू लागला. त्याआधीच्या कागदांत त्याला वेलस्ली नावाने शोधाल, तर तो सापडणार नाही.

अर्थ गावावरून आहे, आपल्याकडच्या अकोटकरसारखा. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात वेल्स शहराजवळ वेलस्ली नावाची जागा आहे. (देवनागरीत वेल्स देशाचे नावही असेच लिहितात, दोन्ही वेगळे.) ‘वेल’ म्हणजे झरा. शेवटचे ‘ली’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जमीन. मेळघाटातल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

वेलिंग्टनची गोष्ट निराळी. १८०९ मध्ये आर्थर लढाईवर परदेशात असताना किताबासाठी गावाचे नाव द्यायचे होते. ते विल्यमने निवडले, सॉमरसेटमधलेच आणि आडनावाशी जुळणारे. १८१४ मध्ये आर्थर त्याच नावाचा ड्यूक झाला. आपल्याकडे देशमुख, पाटील ही पदे आडनावे होऊन बसली, या घराण्यात तसे झाले नाही. त्यांचे आडनाव आजही वेलस्लीच आहे. आर्थरचा धाकटा भाऊ हेन्री याने मात्र १८२८ मध्ये किताब घेतला तो काउली, म्हणजे आजोबांच्या मूळ कॉलीचेच दुसरे रूप. शंभर वर्षांनी ते नाव घरी परत आले, हे मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : कामठी छावणीजवळ जुन्या इंग्रजी थडग्यावरचे आडनाव वाचता येत नाही. काय करावे? – एक वाचक, कामठी तालुका

उत्तर : खडू, चुना, अ‍ॅसिड किंवा तारेचा ब्रश लावू नका, दगडाचे पोपडे निघतात आणि उरलेली अक्षरेही जातात. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा. ऊन समोरून येत असेल तर आरसा धरून उजेड बाजूने पाडा, म्हणजे खाचांत सावली पडते.

१८०० च्या सुमारापर्यंतच्या इंग्रजी लेखनात शब्दाच्या मधला ‘एस’ लांब, जवळजवळ ‘एफ’सारखा असे. तेव्हाचा वेस्ली आजच्या डोळ्यांना ‘वेफ्ली’ दिसतो. कामठीची छावणी १८२१ ची असल्याने तिथे ही अडचण कमी येईल, पण विलायतेतले जुने कागद वाचताना नक्की येईल. ‘जे-एन-ओ’ असे तीन अक्षरी नाव दिसले तर ते जॉनचे संक्षिप्त रूप आहे.

आडनाव आणि साल हाती आले की दफनाची नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात शोधावी. ती बंगाल, मद्रास, मुंबई अशा इलाख्यांनुसार लावलेली आहे. कामठीत मद्रास इलाख्याची फौज असे, म्हणून आधी मद्रासची पुस्तके बघा. नागपूर म्हणजे मध्य प्रांत, म्हणून बंगालपासून सुरुवात केली तर बराच वेळ फुकट जातो.