विकत घेताना बोलला होतात का?

जुळे सोलापूरहून एका ताईंचं पत्र आहे. यजमानांना अल्सर झाला, दुर्बिणीच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटात राहणारा जंतू सापडला, अँटिबायोटिकचा 14 दिवसांचा कोर्स वाया गेला. जंतू औषधाला दाद देत नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी गवळ्याचा म्हशीच्या दुधाचा रतीब आहे आणि ॲसिडिटीवर उतारा म्हणून यजमान रोज सकाळी ते कच्चंच पितात. ताईंनी दुधाची बाटली पुण्याच्या खासगी लॅबला पाठवली. रिपोर्टात बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा ई. कोलाय हा दुसराच जंतू आला. आता गवळ्याकडून भरपाई हवी आहे, पण या रिपोर्टावर कारवाई होत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

ताई, बरोबरच सांगितलं. अशी पत्रं पनीरवरून येतात, खव्यावरून येतात, उसाच्या रसावरून येतात. पदार्थ बदलतो, चूक तीच.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 चं कलम 40 वाचा. विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या तपासनिसाकडून, तपासून घेण्याचा हक्क साध्या गिऱ्हाइकालाही आहे. अट एकच: हा पदार्थ मी तपासायला देणार आहे, हे विक्रेत्याला विकत घेतानाच सांगायचं. नंतर फोनवर नाही, रिपोर्ट आल्यावर तर नाहीच. आणि तपासणारा अन्न विश्लेषक हवा, ओळखीतली लॅब नव्हे. तुम्ही गवळ्याला चकार शब्द न बोलता माप ओतून घेतलं, धुतलेल्या पाण्याच्या बाटलीत भरलं आणि भाच्याबरोबर हुतात्मा एक्स्प्रेसने पाठवून दिलं. सील नाही, बर्फ नाही, सोलापूरचा उन्हाळा. गवळ्याचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल की हा जंतू म्हशीच्या सडाचा, गवळ्याच्या किटलीचा, की तुमच्या बाटलीचा? तुमच्याकडे उत्तर नाही. चार-पाच तासांच्या प्रवासात कोमट दुधात जंतू किती वाढतात, हेही तोच सांगेल.

त्याहून वाईट गोष्ट तुमच्याच कागदात आहे. रिपोर्टात ई. कोलाय आहे, यजमानांच्या पोटात हेलिकोबॅक्टर. दोन्ही औषधाला दाद देत नाहीत म्हणून ते एक होत नाहीत. हेलिकोबॅक्टर दुधाच्या नेहमीच्या तपासणीत वाढतच नाही. त्याला कमी ऑक्सिजनची खास सोय आणि काही दिवस लागतात. कच्च्या दुधात त्याच्या खुणा सापडल्याचे अभ्यास आहेत, पण दुधातूनच तो माणसाला लागतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात तो असतो, आणि बहुधा लहानपणी घरातूनच आलेला असतो. शिवाय खोकला-घशासाठी यजमानांनी पूर्वी मेडिकलमधून परस्पर कोणत्या गोळ्या घेतल्या, हेही उलटतपासणीत निघेल. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आधी घेतलेलं असलं, तर जंतू त्याला सरावलेला असण्याची शक्यता वाढते.

कच्चं पिण्याचा मुद्दा तर गवळ्याच्या वकिलाला आयताच मिळालाय. औषधाला न जुमानणारा जंतू उकळीलाही जुमानत नाही, असा समज दिसतो. उकळल्यावर तोही इतरांसारखाच मरतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 87 मध्ये उघड किंवा सर्वांना ठाऊक असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही एवढ्यावरून उत्पादकाला जबाबदार धरत नाहीत. गवळ्याला ते कितपत लागू होईल, यावर वाद होऊ शकतो. गवळी स्वतःच्या म्हशींचं दूध विकतो की चार ठिकाणचं गोळा करतो, हेही पाहावं लागेल, कारण शेतकऱ्याच्या हातातला कच्चा माल अन्न सुरक्षा कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवलेला आहे. शहरातला तबेलेवाला त्यात बसतो का, यावर मी आज पैज लावणार नाही. त्याचा अन्न सुरक्षा कायद्याखालचा 14 आकडी नोंदणी क्रमांक मात्र आजच विचारा.

आता नव्याने करायचं ते असं. उद्या दूध घेताना गवळ्याच्या हातात दोन ओळींची चिठ्ठी द्या: आजचं दूध मी कलम 40 खाली तपासायला देत आहे. दुसऱ्या प्रतीवर त्याची सही घ्या. नाही म्हणाला, तर शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या आणि तीच चिठ्ठी त्याला व्हॉट्सॲपवरही पाठवा. किंवा पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखालचे जिल्ह्याचे अधिकारी) लेखी तक्रार करून अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनाच नमुना घ्यायला सांगा. अर्जात स्पष्ट लिहा की नमुना सूक्ष्मजीव तपासणीसाठी हवा. हे विसरू नका. भेसळीच्या तपासणीसाठी घेतलेल्या दुधात टिकावं म्हणून फॉर्मालिन घालतात, आणि फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात. तसा नमुना गेला की जंतूंचा विषय तिथेच संपला. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, काहीही न घालता, थंडच पाठवावा लागतो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावा, असं कलम 46 सांगतं.

या नव्या अहवालातून आजचं दूध कसं आहे ते कळेल. यजमानांचा अल्सर त्याच दुधाने झाला, हे त्यातून निघणार नाही. म्हणून कलम 65 खाली, मृत्यू किंवा गंभीर इजा नसेल तर, जी 1 लाखापर्यंतची भरपाई मिळू शकते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. ग्राहक आयोगात जायचंच असेल तर मुदत 2 वर्षांची. ती दुखणं सुरू झालं तेव्हापासून की निदानापासून, यावर वाद होईल. आधीची तारीख धरूनच चाला. निकाल 3 महिन्यांत, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर 5 महिन्यांत, असं कायद्यात लिहिलंय. ते वाचून आयोगाच्या पट्टेवाल्यालाही हसू येतं. तोवर नासलेलं दूध पुन्हा तपासता येत नाही, म्हणून जे करायचं ते अर्ज दाखल करण्याआधी करा. आणि यजमानांच्या बायोप्सीचा मूळ कागद डॉक्टरांकडून मागून घ्या. तुम्ही मला पाठवलेल्या झेरॉक्सवर तारीखच उमटलेली नाही.