घरी पहिल्यांदाच भाज्या, सुगंधी पाला आणि फुलं लावायची आहेत. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की थोडी मोकळी जागा आहे, काही कुंड्या आहेत, तिन्ही प्रकारची झाडं हवी आहेत, आणि आधी काय विकत आणावं तेच कळत नाही. माझं उत्तर असं: पहिला आठवडा काहीच आणू नका. त्या आठवड्यात फक्त ऊन बघा.

घरी असाल असा एक दिवस निवडा. सकाळपासून दर तासाला जागेवर जाऊन हात आडवा धरा. हाताची सावली ठळक आणि रेखीव पडली तर ते थेट ऊन. सावली पुसट असेल तर तो नुसता उजेड. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखंच लख्ख वाटतं, झाडाला मात्र त्यात फार मोठा फरक पडतो. टोमॅटो, मिरची, वांगं, काकडी अशा फळ धरणाऱ्या भाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना यांचं ३-४ तासांवरही भागतं, कारण त्यांची आपण पानंच खातो.

हे मी पहिल्या वर्षी केलं नाही. एका भिंतीलगत दिवसभर छान उजेड असायचा, म्हणून तिथे चार टोमॅटो लावले. झाडं माझ्या खांद्यापर्यंत वाढली, पण खोड काडीसारखं बारीक, आणि फुलांचे घोस येतील तसे गळून पडायचे. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून मी देत राहिले. नत्र मिळाल्यावर पाला आणखी माजला, फळ एकही धरलं नाही. नंतर मोजलं तेव्हा कळलं की तिथे थेट ऊन जेमतेम तीन तास येत होतं. झाड आपलं अन्न उजेडातून पानांत तयार करतं. खतातून त्याला क्षार मिळतात, उन्हाची भरपाई होत नाही. त्याच जागी पुढे पालक लावला, तो उत्तम आला. सूर्याचा मार्ग ऋतूप्रमाणे सरकतो आणि भिंतीची सावलीही त्याच्याबरोबर सरकते, तेव्हा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा मोजा.

आता पाणी. नव्या बागेतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्याने जास्त मरतात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. शेतकऱ्यांच्या तोंडी एक शब्द असतो, वाफसा. मातीत ओल आहे, पण कणांमधल्या पोकळ्यांत हवाही खेळतेय, अशी स्थिती. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. आपण रोज सवयीने झारी ओतत राहिलो की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे मातीत भरपूर पाणी असूनही झाड मान टाकतं. आपण ती मान बघतो आणि आणखी पाणी घालतो. कितीतरी कुंड्या अशाच जातात.

म्हणून पाणी घड्याळ बघून न घालता बोट घालून घाला. दोन पेरं बोट मातीत खुपसा. आत ओल लागली तर त्या दिवशी राहू द्या. कोरडं लागलं तर खालच्या भोकांतून निथळेपर्यंत सावकाश घाला, आणि मग पुन्हा माती वाफशावर येण्याची वाट बघा. वरवर शिंपडलं तर मुळंही वरच राहतात आणि एका कडक दुपारीत करपतात. छोट्या कुंड्या उचलूनही बघता येतात. आठ-दहा दिवसांत हाताला वजनाचा अंदाज बसतो. भर दुपारी पानं लोंबली तर घाबरू नका, संध्याकाळी बहुतेक ती सावरतात. सकाळी लवकरसुद्धा झाड लोंबलेलं असेल तर मात्र लगेच माती तपासा.

कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे भरले की निचरा सुधारतो, असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही, मातीच्या तळाशीच साचून राहतं. खडीमुळे ती ओली पट्टी उलट मुळांच्या आणखी जवळ येते. तळाला भोकं असू द्या, त्यांवर जाळीचा एखादा तुकडा ठेवा आणि वरपर्यंत एकाच मिश्रणाने भरा. मी माती, पूर्ण कुजलेलं खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समान मापाने घेते. ताजं शेणखत घालू नका, त्याने मुळं जळतात. कुजलेल्या खताला मातीसारखा वास येतो, उग्र येत नाही. मोकळ्या जागेतल्या मातीची मूठभर ओली गोळी करून बोटाने दाबा: फुटून भुसभुशीत झाली तर चांगली, चिकट राहिली तर भरपूर कंपोस्ट मिसळा. कुंड्या गच्चीत किंवा गॅलरीत ठेवणार असाल तर २० लिटरची भरलेली कुंडी भिजल्यावर २०-२५ किलोंच्या पुढे सहज जाते, एवढं लक्षात ठेवून त्या भिंतीलगत मांडा.

काय लावावं? पहिल्या हंगामात सहा गोष्टी पुरेत: मुळा, मेथी, कोथिंबीर, पुदिना, एक मिरची आणि झेंडू. मुळा आणि मेथी महिना-दीड महिन्यात हाती येतात, म्हणजे काही चुकलं तर तेही तेवढ्यातच कळतं आणि पुन्हा पेरता येतं. टोमॅटोने सुरुवात केली तर चूक कळायला तीन महिने लागतात. मेथी सगळी एकदम पेरू नका, दर दहा दिवसांनी एक ओळ पेरा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोलीवर टाका, याहून खोल नको.

कोथिंबिरीवरून बरेच जण निराश होतात. आपण ज्याला धना म्हणतो ते फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर वरची माती वाळू देऊ नका. तिचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला मानवत नाही. जिथे वाढवायची तिथेच पेरा. उष्मा वाढला की ती फुलोऱ्यावर येते आणि पानं बारीक होतात. तुमचं काही चुकलेलं नसतं, झाडाची ती रीतच आहे. ती फुलं राहू द्या, कशासाठी ते खाली लिहिते.

पुदिना बियांपासून करत बसू नका. काडी पाण्यात ठेवली तर आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. त्याला कायम वेगळी कुंडी द्या. जमिनीखालून धुमारे सोडत तो शेजारच्या सगळ्या झाडांची जागा बळकावतो. पुढे कधी बेसिल लावलंत तर पानांच्या जोडीच्या अगदी वरून शेंडा खुडा. त्या जोडीच्या बेचक्यांतून दोन फांद्या फुटतात आणि झाड भरगच्च होतं.

झेंडू मी शोभेच्याही आधी भाज्यांसाठी लावते. त्याच्या मुळांतल्या द्रव्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले अतिसूक्ष्म कृमी) कमी होतात, पण त्यासाठी त्याच मातीत तो दाट आणि हंगामभर असावा लागतो. एका रोपाने सगळी कीड पळते हे खरं नाही. त्याची सुकलेली फुलं खुडत राहा, नव्या कळ्या येत राहतील. काकडी-भोपळ्यासारख्या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, त्यामुळे मधमाश्या आल्या नाहीत तर फळ धरत नाही. टोमॅटो-मिरचीच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. तिथे सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली तरी पराग झडतात.

मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, येईल, याची तयारी ठेवा. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे ठिपके दाटतात आणि मुंग्यांची ये-जा सुरू होते, कारण माव्याचा गोड स्राव त्यांना हवा असतो. आधी नुसत्या पाण्याच्या धारेने धुवून काढा. आणि फवारणीआधी पानं नीट बघा. काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली एक अळी दिसली तर तिला हात लावू नका, ती ढालकिड्याची अळी असते आणि मावा हेच तिचं खाणं. मी पहिल्या वर्षी त्या सगळ्या वेचून फेकल्या, आणि मिरचीवरचा मावा पुढे दुप्पट झाला. कोथिंबिरीच्या फुलोऱ्यावर ढालकिडे आणि ज्यांच्या अळ्या मावा खातात अशा माश्या मधासाठी येतात, म्हणून तो राहू द्या म्हटलं.

मिरचीचं मात्र रोपच आणा. निवडताना पानं उलटून बघा, बुटकं आणि जाड खोडाचं घ्या, फुलं लागलेलं टाळा. आणल्यावर लगेच कडक उन्हात ठेवू नका. आठवडाभर रोज तास-दीड तास ऊन वाढवत न्या, मग संध्याकाळच्या वेळी मोठ्या कुंडीत लावा.