आदर वाटतो, मान देतात

प्रश्न असा आहे : शाळेच्या निबंधात ‘पंतप्रधानांचा आदर करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे’ असे वाक्य होते. बाईंनी ‘आदर करणे’ खोडून ‘मान राखणे’ लिहिले. दोन्ही एकच नव्हे का? आणि नेत्याविषयी एकवचनात लिहिले तर तो अनादर समजायचा का?

बाईंची दुरुस्ती योग्य आहे, आणि दिसते तेवढी किरकोळ नाही.

‘मला त्यांच्याविषयी आदर वाटतो’ या वाक्यात ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. मला भूक लागते, मला भीती वाटते, मला कीव येते, त्याच पंगतीतली ही रचना. अशा गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. म्हणून त्यांची सक्ती करता येत नाही. ‘मान’ची क्रियापदे निराळी आहेत : मान देणे, मान राखणे, मान ठेवणे. ही करायची कामे आहेत, आणि मनात काय आहे ते न विचारता करता येतात. लग्नात व्याह्यांचा मानपान होतो तो सगळ्यांना त्यांच्याविषयी आदर दाटून येतो म्हणून नव्हे. मानकरी, मानाचा विडा, मानाची पालखी, सगळीकडे मान हा ठरलेल्या जागेला मिळतो, माणसाच्या गुणांना नाही.

व्युत्पत्ती मात्र इथे फारशी साथ देत नाही. ‘मान’ हा ‘मन्’ म्हणजे समजणे, विचार करणे या धातूचा, म्हणजे खरे तर आतला. आणि ‘दृङ् आदरे’ म्हणजे आदर करणे या संस्कृत धातूवरून आलेला ‘आदर’ आपल्याकडे आदरातिथ्य, आदरसत्कार अशा बाहेरच्या वागण्यातही आहे. ‘आदर करणे’ हे त्याच वळणाचे, म्हणून निबंधातले वाक्य व्याकरणाने चूक नाही. पण आजच्या मराठीत ‘आदर’ ऐकला की आधी भावना आठवते, आणि भावनेला ‘कर्तव्य’ जोडले की वाक्य लंगडते.

जागा आणि माणूस यांतला हा भेद कायदाही पाळतो. 1976च्या 42व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 51क आला, त्यातले पहिलेच मूलभूत कर्तव्य आदराचे आहे. त्यात कोणाकोणाची नावे आहेत? संविधान, त्याचे आदर्श आणि संस्था, राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत. माणूस एकही नाही, आणि ही दुरुस्ती ऐन आणीबाणीतली आहे हे लक्षात घ्या. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबाबतचा 1971चा कायदाही ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीत यांपुरताच. न्यायालयाचा अवमान होतो, सभागृहाचा हक्कभंग होतो, याही संस्थाच. नेत्याला अब्रुनुकसानीचा दावा करता येतो, पण तो तुम्हाआम्हालाही करता येतो. उलट लोकसेवकाच्या सरकारी कामाबद्दल सद्भावनेने दिलेले मत अब्रुनुकसानीच्या कलमातून मुद्दाम वगळलेले आहे.

भावनेचीच सक्ती करून पाहण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. 1897मध्ये मुंबई उच्च न्यायालयात टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला राजद्रोहाच्या कलम 124अमधल्या ‘डिसअफेक्शन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितला तो ‘प्रीतीचा अभाव’ असा. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे एवढेच पुरेसे! टिळकांना 18 महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी कलमात स्पष्टीकरणे घालावी लागली, आणि 1962मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, अशी मर्यादा घातली. ‘अभाव’ आणि ‘द्वेष’ यांतला फरक कोणत्याही कोशात सापडतो. तो कायद्यात पक्का व्हायला 65 वर्षे लागली.

आता एकवचनाचे. ‘पंतप्रधान’, ‘मुख्यमंत्री’, ‘अध्यक्ष’ ही रूपे दोन्ही वचनांत सारखीच राहतात, त्यामुळे आदर दिसतो तो क्रियापदात (आले, म्हणाले, स्त्री असेल तर आल्या, म्हणाल्या), सर्वनामात (ते, त्या, त्यांचा) आणि प्रत्ययात (पंतप्रधानाने नव्हे, पंतप्रधानांनी). ‘पंतप्रधानांनी भाषण केले’ यात क्रियापद भाषणामागे जाते, तेव्हा सगळा भार ‘-ांनी’ या प्रत्ययावर असतो. त्याच्या जागी ‘-ाने’ पडले की बातमी उद्धट वाटू लागते. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे धरसोड : पहिल्या वाक्यात ‘मुख्यमंत्री आले’ आणि तिसऱ्यात ‘त्याने सांगितले’.

पण एकवचन म्हणजे अनादर, हे सरसकट खरे नाही. पदाविषयी लिहिताना एकवचनच रूढ आहे : ‘राष्ट्रपती हा संघराज्याचा प्रमुख असतो.’ इथे ‘हे असतात’ केले तर कोणा एका व्यक्तीविषयी बोलतो आहोत असे वाटेल. नाव न घेता ‘एका मंत्र्याने राजीनामा दिला’ हेही रास्त; ‘मंत्र्यांनी’ लिहिले तर किती जणांनी, हा प्रश्न उरतो. नाव आले की मात्र ‘अमुक यांनी’. आणि विठोबाला तर आपण अरेतुरेच करतो.

उलट बाजूही तितकीच खरी. आदरार्थी बहुवचन हा शिष्टाचार आहे, पाठिंबा नव्हे. ‘पंतप्रधान साफ खोटे बोलले’ हे वाक्य व्याकरणाने पूर्ण अदबीचे आहे, आणि टीका करणाऱ्याने असेच लिहावे. ‘बोलला’ लिहिले की वाचक आरोप विसरून उद्धटपणावर बोट ठेवतो.

राहिली विशेषणे. ‘-अनीय’ हा प्रत्यय योग्यता सांगतो. ‘माननीय’ म्हणजे मान द्यावा असा. ते पदामुळे लागते, म्हणून अर्जात, इतिवृत्तात चालते. ‘आदरणीय’ हे लिहिणाऱ्याचे स्वतःचे मत आहे; वाटत असेल तर लिहा, सरकारी अर्जात त्याची गरज नाही. मंत्र्यांच्या नावामागचे ‘ना.’ म्हणजे नामदार. ते इंग्रजी अमदानीतले, ‘नामदार गोखले’ हे त्याचे ओळखीचे उदाहरण. ‘महामहिम’ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी 2012मध्ये देशांतर्गत वापरातून काढायला लावले, तरी राज्यपालांच्या स्वागतफलकांवर ते अजून भेटते. ‘भारतरत्न’, ‘पद्मश्री’ नावाला जोडून लिहायचे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995च्या निकालात स्पष्ट केले आहे, कारण अनुच्छेद 18ने किताब रद्द केलेले आहेत. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

एका नावाला एकच उपाधी पुरे. ‘मा. ना. श्री. अमुकजी साहेब’ यात नावाआधी तीन आणि नंतर दोन आहेत. त्यातले ‘जी’ हिंदीकडून आलेले, ‘साहेब’ अरबीतून. आणि ‘मा.’ जपून वापरावे. फलकावर ‘मा. आमदार’ असे दिसले तर ते माननीय की माजी, हे निवडणुकीचा निकाल आठवल्याशिवाय कळत नाही. ‘माजी’ नेहमी पूर्ण लिहावे.