टिपण मिळत नाही म्हणून हद्द सोडू नका

प्रश्न : सातारा जिल्ह्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. शेजाऱ्याने बांध कोरत कोरत आमच्या बाजूला सरकवला. मोजणी मागवली, तर भूकरमापकाने वहिवाटीप्रमाणे नकाशा करून दिला. मूळ टिपण आणि फाळणीची नक्कल मागितली तेव्हा कार्यालयात तोंडी सांगितले, "रेकॉर्ड जीर्ण आहे, मिळणार नाही." आता काय करू?

उत्तर : ताई, सातबाऱ्यावर क्षेत्र असते, हद्द नसते. बांधाची खरी जागा सांगते ते टिपण, म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी केलेली मापांची नोंद, आणि पोटहिस्सा पडला असेल तर फाळणी, म्हणजे त्या हिश्शांच्या मोजणीचा कागद. साखळी-आण्यांत घेतलेली जुनी मापे (साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे) तिथेच असतात. हे कागद जपणे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाचे कर्तव्य आहे. त्यांच्याशिवाय काढलेला नकाशा म्हणजे आज कोण कुठवर नांगरतो, एवढेच चित्र. तो घेऊन दावा लावू नका. उलटतपासणीत भूकरमापकाला विचारतात, मूळ अभिलेख कोणता धरला होता? त्याला उत्तर नसले की नकाशा टिकत नाही. अशा नकाशावर विसंबून हरलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

आधी ते तोंडी उत्तर लेखी करून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ खाली नकलेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून टिपण, फाळणी, गुणाकार बुक (मापांवरून क्षेत्र काढल्याची नोंद) आणि तुमच्या मोजणीचे संपूर्ण प्रकरण यांचे अवलोकन मागा. गावात एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे जोडून गट पाडणे) झाले असेल तर गटबुक (गटांचे नकाशे) आणि योजनापत्रकही (जुन्या नंबरांचे कोणते गट झाले त्याचा तक्ता) मागा. जीर्ण आणि गहाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीर्ण असेल तर कागद तिथे आहे, आणि तो डोळ्यांनी पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

'गहाळ' असे लेखी आले तरी प्रकरण संपत नाही. अभिलेख सापडत नाही एवढे सांगून सुटता येत नाही, कसून शोध घेऊन जबाबदारी निश्चित करायला हवी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे; त्यात कैदेचीही तरतूद आहे. ते पत्र जोडून भूमी अभिलेखच्या जिल्हा अधीक्षकांकडे शोध आणि चौकशीची मागणी करा. पहिल्याच पत्रात मात्र गुन्ह्याची भाषा नको, कारण कपाट उघडून दप्तर चाळणार तोही त्याच कार्यालयातला माणूस.

दरम्यान शेजारच्या सर्व्हे नंबरचे टिपण काढा. सामाईक बांधाची मापे त्यातही असतात, आणि हे फार थोड्या लोकांना सुचते. वाटप तहसीलदारांकडून झाले असेल तर त्या प्रकरणाच्या फाईलमध्ये फाळणीची प्रत शोधा. 'आपले अभिलेख' संकेतस्थळही पाहा. स्कॅन झालेले जुने कागद तिथे मिळतात.

कागद हाती आला की निमताना मोजणीचा, म्हणजे आधीची मोजणी मान्य नसल्याने वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, अर्ज करा. त्या दिवशी स्वतः हजर राहा. जबाबावर सही करण्यापूर्वी मोजणी कोणत्या टिपणाला धरून केली, ते त्यात लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर तुमची हरकत त्याच कागदावर नोंदवा आणि मगच सही करा.